एका चाकावरची माधुकरी

(नंदुरबार जिल्ह्यातील वनवासी विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाच्या साहाय्यार्थ नाशिकहून एकचाकी सायकल यात्रा निघाली. प्रस्थानाच्या पूर्वसंध्येला झालेल्या शुभेच्छा कार्यक्रमात वसतिगृह समितीच्या कोषप्रमुखांनी केलेले हे भाषण.)



शुभेच्छा देण्यासाठी मला उभे करण्यात आले आहे. परंतु शुभेच्छा देण्यापूर्वी एक कबुली देणे भाग आहे. गेल्या वर्षीच्या बैठकीत हा विषय प्रथम निघाला, तेव्हा त्याला सर्वांत तीव्र विरोध मी केला होता. आपला हा विशीतला मित्र उभा राहून म्हणाला, “काका, मी एकचाकी सायकलवरून नाशिक ते नंदुरबार जाईन. वाटेत लोकांना वसतिगृहाची माहिती देईन आणि निधी गोळा करीन.” त्यावर मी म्हणालो, “आपल्याला निधी हवा आहे, सर्कस नको.” बैठकीत हशा पिकला आणि तो मुलगा खाली बसला. वयाने मोठ्या माणसाच्या विनोदावर सगळे हसतात, याचा अर्थ विनोद चांगला होता असा नसतो.

माझा विरोध मात्र केवळ चेष्टेचा नव्हता. आपण सारे ज्या संस्कारात वाढलो, त्यात देण्याची एक रीत आहे. गुरुपूजनाच्या दिवशी ध्वजासमोर पाकीट ठेवायचे. कोणी किती ठेवले हे शेजारच्याला कळत नाही आणि कळू नये असेच सर्वांना वाटते. काम करावे, नाव मागे ठेवावे, हे आपल्याला लहानपणापासून सांगितले गेले. मग रस्त्यावर कसरत दाखवून लोकांची नजर वेधायची आणि त्या नजरेपुढे झोळी पसरायची, हे मला पटेना. शिवाय मी पडलो बँकेतला माणूस. चाळीस वर्षे खतावण्या तपासल्या. माझा दुसरा प्रश्न अधिक रोकडा होता. एखाद्याने स्वतःच्या शरीराला कष्ट दिले, म्हणून तिसऱ्याच कोणाच्या मुलाच्या शिक्षणासाठी मी पैसे का द्यावेत? कष्ट आणि दान यांचा हिशेब जुळतो कसा? आज मी जे बोलणार आहे, ते याच प्रश्नाभोवती आहे. वर्षभर मी त्यावर विचार केला, थोडे वाचले, थोडे पाहिले. माझे मत बदलले, पण सर्वस्वी बदललेले नाही, हेही शेवटी सांगेन.

बैठकीनंतर महिनाभराने हा मित्र संध्याकाळी माझ्या घरासमोर आला. फाटकाला धरून तो त्या चाकावर चढला, दहा-बारा हात गेला आणि पडला. पुन्हा चढला, पुन्हा पडला. चौथ्या वेळी मात्र गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि वळून परत आला. मी त्याला आत बोलावले, चहा दिला आणि विचारले, “हे चालते तरी कसे?” त्याने मला जे समजावले, ते येथे बसलेल्या पुष्कळांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो.

साध्या सायकलला चेन असते, फ्रीव्हील असते. उतार लागला की पाय स्थिर ठेवून वारा खात बसता येते. सर्वसाधारण एकचाकीला यातले काहीच नाही. पायडलांचे दांडे थेट चाकाच्या आसाला जोडलेले असतात. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. चाक फिरत आहे तोवर पाय फिरलाच पाहिजे. चढावर दम लागतो हे आपण समजू शकतो, पण उतारावरही सुटका नाही. तेथे चाक पायांना ओढू लागते आणि गुडघ्यांनी त्याला आवरून धरावे लागते. लांबच्या प्रवासाच्या एकचाकीला ब्रेक बसवतात, परंतु तो फार जोरात दाबला तर स्वार तोंडावर येतो. समोर हँडल नाही. फार तर सीटला जोडलेली एक लहानशी मूठ असते. शरीराचा बहुतेक सारा भार सीटवर येत असल्यामुळे थोड्या थोड्या वेळाने उतरावेच लागते. आणि तोल? तो तर अजबच प्रकार आहे. पुढे जायचे तर किंचित पुढे झुकायचे, म्हणजे पडायला लागायचे, आणि आपण पडण्याच्या आत चाक आपल्या खाली आणायचे. क्षणाक्षणाला पडायचे आणि क्षणाक्षणाला सावरायचे. थांबलात की पडलात.

त्या दिवशी जाताना त्याने मला एका इंग्रज मुलाचे नाव सांगितले. एड प्रॅट. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सॉमरसेट नावाचा परगणा आहे, शेतीचा, गाईगुरांचा. तेथल्या करी मॅलेट नावाच्या खेड्यातला हा मुलगा. २०१५ च्या मार्च महिन्यात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो छत्तीस इंची चाकाची एकचाकी घेऊन घरातून निघाला. छत्तीस इंची म्हणजे जवळजवळ आपल्या कमरेपर्यंत येणारे चाक. त्याच्या पुढेमागे पिशव्या अडकवण्याची खास सोय केलेली. तंबू, कपडे, खाण्याचे सामान, सारे त्या एकाच चाकावर. सोबत मदतीची गाडी नाही, माणूस नाही. युरोप ओलांडून मध्य आशिया, तेथून चीन, मग आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका असे करीत तो २०१८ च्या जुलैमध्ये आपल्या खेड्यात परतला. सुमारे एकवीस हजार मैल, म्हणजे तेहतीस-चौतीस हजार किलोमीटर. एकचाकीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून त्याचे नाव घेतले जाते. आपल्याकडे एकोणिसाव्या वर्षी मुलगा बाहेरगावी शिकायला निघाला तरी आई बरोबर डबा देऊन चार वेळा बजावते. त्या आईने काय केले असेल, हा विचार माझ्या मनात कितीदा तरी आला.

त्याने हा प्रवास ज्या संस्थेसाठी केला, तिचे नाव ‘स्कूल इन अ बॅग’. आपण तिला ‘दप्तरातली शाळा’ म्हणू. हीदेखील सॉमरसेटचीच संस्था. तिच्या उगमाची कथा सांगितली पाहिजे, कारण तिचा धागा आपल्याही किनाऱ्याला लागलेला आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी आलेली त्सुनामी आपल्याला आठवते. नागपट्टणम आठवते, कन्याकुमारी आठवते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आपले कार्यकर्ते त्या दिवसांत काय काय करीत होते, हे येथील काही ज्येष्ठांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. त्याच लाटांनी थायलंडमध्ये सॉमरसेटच्या एका तरुणाचा बळी घेतला. त्याच्या घरच्यांनी त्याच्या नावाने निधी उभा केला आणि त्या कामातून २००९ मध्ये दप्तराची ही कल्पना निघाली. गरीब देशांतल्या किंवा आपत्तीत सापडलेल्या मुलाला एक दप्तर द्यायचे. त्यात वह्या, पेन्सिली, रंग, आणि जेवणाचा डबा व पाण्याची बाटलीसुद्धा. एवढेच. शाळेची इमारत बांधण्याचे आश्वासन नाही, जग बदलण्याची घोषणा नाही. एक मूल, एक दप्तर.

घरातला मुलगा गेला असता त्या दुःखातून परक्या मुलांची दप्तरे भरण्याचे काम उभे करणारे ते कुटुंब आपल्या धर्माचे नाही, देशाचे नाही. तरीही त्यांच्या कृतीला ‘सेवा’ याहून निराळा शब्द मला सापडत नाही. आपल्या सभांमधून ‘पाश्चात्त्यांची ती चॅरिटी, आपली ती सेवा’ असे वाक्य नेहमी ऐकू येते. मीही ते अनेकदा बोललो आहे. त्यात तथ्य आहे. देणाऱ्याने उंचावर आणि घेणाऱ्याने खाली उभे राहायचे, हे आपल्याला मान्य नाही. नरातला नारायण पाहायचा तर आपणच वाकले पाहिजे. परंतु हे वाक्य स्वतःला प्रमाणपत्र देण्यासाठी वापरायचे नसते. कोण वाकतो आणि कोण ताठ उभा राहतो, हे माणसामाणसावर ठरते.

एड प्रॅटने या प्रवासातून त्या संस्थेसाठी तीन लाख पौंडांहून अधिक निधी उभा केला. त्या वेळच्या दराने सुमारे पावणेतीन कोटी रुपये. आता माझ्यातला बँकवाला जागा झाला. छत्तीस इंची चाक एका फेऱ्यात सुमारे २ मीटर ८७ सेंटिमीटर जाते. त्या हिशेबाने त्या मुलाच्या पायांनी १ कोटी १७-१८ लाख फेरे मारले असले पाहिजेत. म्हणजे पायाच्या एका फेऱ्याला साधारण सव्वादोन रुपये पडले. हसू नका, मी हे कागदावर मांडून पाहिले आहे. सव्वादोन रुपये! आज त्यात एक वहीसुद्धा येत नाही. एवढ्या कष्टाला एवढेच मोल असेल, तर त्याने सरळ नोकरी करून पगारातले पैसे दिले असते तरी चालले असते, असा प्रतिवाद कोणी करील. मीच स्वतःशी केला.

मग दुसरा हिशेब मांडला. सव्वातीन वर्षांहून अधिक काळ, दिवसाला सरासरी किती अंतर? अठ्ठावीस किलोमीटरही नाही. माउलींची पालखी पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला जाते, ती एका दिवसाची मजल याहून मोठी आहे. म्हणजे हा जगप्रवासी आपल्या वारकऱ्यांच्या गतीने जग हिंडला! येथे माझ्या डोक्यात काहीतरी जागेवर बसले. आपण याला वेगाचा, विक्रमाचा, धाडसाचा प्रकार समजत होतो. तो तसा नव्हेच. एकचाकी हे अतिशय मंद वाहन आहे, आणि मंद असणे हाच त्याचा गुण आहे. मोटारीतून निधी मागायला जाणारा माणूस गावे ओलांडून जातो. या चाकावरचा माणूस प्रत्येक गावात उतरतो, कारण उतरल्याशिवाय त्याला गत्यंतरच नाही. तो उतरला की पोरे जमतात, पोरांच्या मागून माणसे येतात. ‘हे काय आहे?’ असा प्रश्न तेच विचारतात. त्यांनी आधी विचारलेले असते, म्हणून मागणाऱ्याला बोलण्याचा अधिकार मिळतो. आम्ही पत्रके वाटतो, तेव्हा न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत असतो.

अर्थात एड प्रॅटला मिळालेला सारा निधी रस्त्यावर उभ्या असलेल्यांनी दिला, असे मुळीच नाही. तो वाटेत चित्रफिती तयार करून प्रसिद्ध करीत असे आणि त्या पाहून दूरदूरच्या माणसांनी पैसे पाठविले. त्यावरून ‘प्रसिद्धी हवीच’ असा निष्कर्ष आपले प्रसिद्धिप्रमुख लगेच काढतील. त्यांना मी एवढेच म्हणेन की चित्रफीत पाहणारा माणूसही त्या मंद चालीबरोबर महिनोन्‌महिने चालत होता. एका दिवसाच्या समारंभाच्या छायाचित्राने ते झाले नसते.

अशा यात्रांची इंग्लंडमध्ये एक जुनी रीत आहे. कोणी धावणार, पोहणार, चालणार असेल, तर तो शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे एक कागद घेऊन जातो. ‘मैलामागे इतके पेनी देईन’ असे लिहून लोक सही करतात. आपल्याला ही रीत थोडी पैजेसारखी वाटते आणि मलाही ती फारशी आवडत नाही. आपला वारकरी पायांना फोड आणतो, पण त्यासाठी कोणी त्याला किलोमीटरच्या दराने पैसे देत नाही; वाटेवरची घरे त्याला भाकरी देतात. तरीही त्या कागदात एक गोष्ट चांगली आहे. मागणारा अगोदर स्वतः बांधला जातो. ‘मी इतके करीन’ हे तो आधी म्हणतो, ‘तुम्ही इतके द्या’ हे नंतर.

१९८० साली कॅनडात टेरी फॉक्स नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने हेच केले. हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला होता. कृत्रिम पाय लावून, कर्करोगाच्या संशोधनासाठी निधी गोळा करीत, तो कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेकडे रोज सुमारे बेचाळीस किलोमीटर धावू लागला. प्रत्येक कॅनडावासीयाने एक डॉलर द्यावा, एवढेच त्याचे मागणे होते. आपल्या नावाचा व्यापारी उपयोग त्याने कोणाला करू दिला नाही. १४३ दिवसांत ५ हजार ३७३ किलोमीटर झाले आणि कर्करोग फुफ्फुसांत पोहोचल्यामुळे त्याला थांबावे लागले. पुढल्या वर्षी जूनमध्ये तो गेला. जाण्यापूर्वी त्याच्या निधीत २ कोटी ४० लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली होती आणि कॅनडाची लोकसंख्या त्या वेळी सुमारे तेवढीच होती. माणशी एक डॉलर!

माणशी एक, हे ऐकून येथील वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात कोणाचे नाव आले असेल, हे मला ठाऊक आहे. मा. एकनाथजी रानडे. कन्याकुमारीच्या शिलास्मारकासाठी मोठमोठे धनिक मोठमोठ्या रकमा देऊ शकले असते आणि काहींनी दिल्याही. राज्य सरकारांनीही हातभार लावला. पण एकनाथजींनी सामान्य माणसाचा एक रुपया हवा असा आग्रह धरला. लक्षावधी लोकांनी एक, दोन, पाच रुपये दिले. २ सप्टेंबर १९७० रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले, तेव्हा ते त्या लक्षावधींचे झालेले होते. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या एका रुपयाची ती छापील पावती आमच्या देव्हाऱ्यामागच्या डब्यात पुष्कळ वर्षे होती. ते कन्याकुमारीला कधीच गेले नाहीत. पण ‘आपले स्मारक’ असेच म्हणत.

आता एक अवघड उदाहरण देतो. अमेरिकेतले लार्स क्लॉसन नावाचे एक पाद्री २००२ साली एकचाकीवरून आपल्या देशात नऊ हजारांहून अधिक मैल हिंडले. हा प्रवास त्यांनी अलास्कातील इनुपियाट या मूळ रहिवाशांमध्ये चालणाऱ्या चर्चच्या कामाच्या निधीसाठी केला. वनवासी क्षेत्रातल्या चर्चच्या कामाविषयी आपली मते काय आहेत, हे या सभागृहात नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. मलाही ती सोडायची नाहीत. पण त्या माणसाने आपल्या श्रद्धेसाठी दोनशेहून अधिक दिवस त्या टणक सीटवर काढले. आपली श्रद्धा त्यांच्याहून मोठी आहे असे जर आपण म्हणत असू, तर आपण किती दिवस बसलो, हा प्रश्न उरतोच. सातपुड्यात, धडगाव-मोलगीच्या बाजूला, वर्षातून एकदा मोटारीने जाऊन संध्याकाळच्या आत परतणाऱ्यांनी तो स्वतःला विचारावा. त्या मोटारीत मीही असतो.

म्हणून मी पुन्हा आपल्या जुन्या रीतींकडे वळलो. माझ्या आजोबांनी पुण्यात माधुकरी मागून शिक्षण केले. माधुकरी मागणारा मुलगा स्वतः दारात उभा राहतो. त्याने निरोप पाठवून चालत नाही, कोणाला बदली पाठवता येत नाही. पाच घरे हिंडायची. एकाच घरावर भार टाकायचा नाही. आणि त्या घरातली माऊली त्याला भाकरी वाढते ती त्याच्या हुशारीवर प्रसन्न होऊन नव्हे, तर तो आला म्हणून. महर्षी अण्णासाहेब कर्वे पाहा. १९२९ मध्ये, सत्तरीच्या घरात असताना, ते महिला विद्यापीठाचे काम सांगायला आणि निधी मिळवायला युरोप, अमेरिका, जपान करीत पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि लगोलग आफ्रिकेतही जाऊन आले. त्यांना काय सर्कस करायची होती? ते स्वतः दारात उभे राहात होते, इतकेच. दार अधिक दूरचे होते.

माझ्या रोकड्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळाले. कष्ट विकत घेतले जात नाहीत आणि त्यांचा दरही लावता येत नाही. परंतु कष्ट करून दारात आलेला माणूस सांगत असतो की, ‘माझा वाटा मी आधी दिला आहे.’ त्याच्याकडून मागणी ऐकून घेणे सोपे जाते. सव्वादोन रुपयांचा हिशेब चुकीचा नव्हता. पण मी तो चुकीच्या खतावणीत मांडला होता.

आता माझ्या अटी. होय, अटी आहेत. कोषप्रमुख अटींशिवाय पैसे घेत नाही.

पहिली अट मी गेल्या महिन्यातच सांगितली होती आणि मुलांनी ती विनातक्रार मान्य केली. प्रवासाचा एकही रुपया जमा निधीतून खर्च होणार नाही. टायर, ट्यूब, जेवण, मुक्काम, सारे स्वतःच्या किंवा घरच्या खर्चाने. ज्या गावी मुक्काम, त्या गावी कार्यकर्त्यांच्या घरी पिठले-भाकरी. जमा रक्कम आणि पावत्या यांचा मेळ दररोज रात्री झोपण्यापूर्वी घालायचा. मोठी रक्कम रोख घ्यायची नाही. अकरा रुपये देणाऱ्याला आणि अकरा हजार देणाऱ्याला पावती एकाच आकाराची. वर्षांपूर्वी एका संस्थेच्या निधियात्रेत मी सहभागी होतो. संस्थेचे नाव घेत नाही. यात्रा दिमाखदार झाली, स्वागताच्या कमानी उभ्या राहिल्या आणि अखेरीस जमा आणि खर्च जवळजवळ सारखे निघाले. कोणी पैसे खाल्ले नव्हते. कमानींनी खाल्ले होते.

दुसऱ्या गोष्टीबद्दल मी अधिक आग्रही आहे. तुम्ही नंदुरबारला पोहोचाल, तेव्हा आमच्या वसतिगृहातल्या मुलांना रस्त्याच्या कडेला झेंडे घेऊन उभे करू नका. वह्या घेताना त्यांची छायाचित्रे काढू नका. ही मुले पावरा, भिल्ल, मावची घरांतली आहेत. त्यांच्या घरी पाहुणा आला तर आई उपाशी राहून त्याला वाढते. घेणे त्यांना ठाऊक नाही असे नाही, पण हात पुढे करून उभे राहणे त्यांना ठाऊक नाही. दात्याला कृतज्ञ चेहऱ्याचे छायाचित्र हवे असते, हे मला कळते. तसे मागणारी पत्रे समितीकडे येतात. यापुढे त्यांना आपण जमाखर्चाची प्रत आणि मुलांच्या निकालाचा तक्ता पाठवू. ज्यांना चेहरा पाहायचा असेल, त्यांनी वसतिगृहात येऊन दोन दिवस राहावे आणि मुलांबरोबर पंगतीला बसावे. तुम्हीही पोहोचल्यावर भाषण करू नका. त्या मुलांना एकचाकी चालवायला शिकवा. माझा अंदाज आहे की डोंगरात वाढलेली ती पोरे चार दिवसांत तुमच्या पुढे जातील.

शंका अजूनही शिल्लक आहे, ती लपवत नाही. हा तरुण उद्या निघेल तेव्हा वृत्तपत्रांत त्याचे छायाचित्र येईल. पुढच्या वर्षी दुसरा कोणी दोन चाके कमी म्हणून एका हातावर चालतो म्हणेल, तिसरा आणखी काही काढील. करामत वाढत जाईल आणि वसतिगृह मागे पडेल. याला काय उपाय, मला सुचलेला नाही. वसतिगृहात रोज पहाटे साडेचारला उठून चूल पेटवणाऱ्या मावशी गेली अनेक वर्षे तेच करीत आहेत. त्यांचे छायाचित्र आजवर कोठेही आलेले नाही. उद्याच्या बातमीत त्यांचा उल्लेख व्हावा, अशी विनंती मी पत्रकार मित्रांना केली आहे. छापतात का, पाहू.

मार्ग तुम्हाला माहीत आहेच. नाशिकहून सटाणा, ताहाराबाद, पिंपळनेर, साक्री आणि नंदुरबार. दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर, पाच मुक्काम. याचे चाक एकोणतीस इंची आहे. मी हिशेब केला. पायाचे फेरे एक लाखाला थोडे कमी भरतात. महामार्गावर मालमोटारींची वर्दळ असते, म्हणून बरोबरच्या चार साध्या सायकलींपैकी दोन पुढे आणि दोन मागे राहतील. अंधार पडल्यावर चाक हलवायचे नाही, मग मुक्कामाचे गाव तीन किलोमीटरवर का असेना. डोक्यावर शिरस्त्राण, गुडघ्यांना आणि मनगटांना संरक्षक पट्टे. तुझ्या आईला मी शब्द दिला आहे, तो मोडू नकोस. घाटात उतरून चालावे लागले तर खुशाल चाल. कोणी मोजायला येणार नाही, आणि आलाच तर त्यालाही पावती फाडून दे.

पावतीपुस्तक माझ्याजवळ आहे. त्यातील पहिली पावती मी आज दुपारी माझ्या नावाने फाडली. गेल्या वर्षी बैठकीत जे बोललो, त्याचा दंड म्हणून आकडा थोडा मोठा लिहिला आहे. हे पुस्तक आता तुझ्या स्वाधीन करतो. दुसरी पावती या सभागृहात फाटली तर उत्तम. नाही तर उद्या सकाळी पहिल्या चहाच्या टपरीवर उतरशील, तेथे फाड.